आधी वजाबाकी की आधी वेग? 1994 च्या एका निष्कर्षाची तपासणी

कमिंग आणि पार्कर यांचा 1994 सालचा 'व्हिजन रिसर्च'मधला पेपर संशोधनाला लागण्याआधी एकदा तरी वाचा. प्रयोग अतिशय नेटका आहे. तरीही त्यावरून निघालेला अर्थ पुढे अपुरा ठरला, आणि तो कुठे अपुरा पडला हे शोधणं हाच चांगला अभ्यास आहे.

आधी शब्दाची अडचण. 'मोशन इन डेप्थ'ला 'खोलीतली हालचाल' म्हटलं की घरातली खोलीच आठवते. म्हणून इथे 'जवळ-लांबची हालचाल'.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण 6.3 सेंटीमीटर अंतर असतं. समोरून चेंडू येतो तेव्हा डाव्या डोळ्याला तो उजवीकडे सरकताना दिसतो, उजव्याला डावीकडे. यातून मेंदू दोन प्रकारे हिशोब करू शकतो. एक, दोन प्रतिमांच्या जागांमधला फरक (डिस्पॅरिटी) काढायचा आणि तो कसा बदलतोय ते पाहायचं. दोन, प्रत्येक डोळ्यातला वेग आधी मोजायचा आणि मग दोन वेगांची तुलना करायची. गणिताच्या भाषेत, आधी वजाबाकी मग विकलन, की आधी विकलन मग वजाबाकी? उत्तर एकच येतं, आणि गोची तिथेच आहे. खरा चेंडू फेकून मेंदू कोणत्या क्रमाने गेला हे कळणारच नाही.

हा संकेत किती मोठा असतो तेही बघा, कारण 'दोन डोळ्यांमुळे समोरची गाडी कळते' हे वाक्य पुस्तकांत सर्रास सापडतं. पाथरीत माजलगाव रस्त्यावर उभे राहा. 100 मीटरवरून 54 किलोमीटर वेगाने एसटी येतेय. एका अंशाचे 3600 भाग केले, तर डिस्पॅरिटी सेकंदाला त्यातले जेमतेम 20 भाग बदलते. तीच बस एका डोळ्याला मोठी होत जाताना दिसते, आणि बस अडीच मीटर रुंद धरली तर हा वाढीचा संकेत त्याच्या चाळीसपट भरतो (बसची रुंदी भागिले डोळ्यांतलं अंतर, बस्स). उलट 5 मीटरवर सेकंदाला 10 मीटर वेगाने येणारा चेंडू सेकंदाला जवळजवळ दीड अंशाचा बदल देतो. म्हणजे दोन डोळ्यांचा हा हिशोब हायवेपेक्षा चेंडू झेलताना कामाचा.

आता प्रयोगाकडे. यूलेश यांनी 1960 मध्ये यादृच्छिक ठिपक्यांची जोडचित्रं वापरात आणली. एका चित्रात काहीच आकार नाही, दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिलं की खोली दिसते. आता दर फ्रेमला ठिपके नवे टाका. एका डोळ्याला जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखी नुसती चुळबुळ दिसते, सलग हालचाल नाही. वेग मोजायला काही उरलंच नाही. तरी जवळ-लांबची हालचाल दिसते! म्हणजे पहिला मार्ग आहे, हे सिद्ध. कमिंग-पार्कर यांनी पुढे दाखवलं की वेगाची माहिती जोडल्यानेही कामगिरी सुधारल्याचा पुरावा मिळत नाही. डिस्पॅरिटीतला बदल पुरेसा आहे.

'पुरेसा आहे' इथपर्यंत ठीक. पण त्यावरून 'दुसरा मार्ग नाही' असं म्हणता येत नाही. त्यासाठी पहिला मार्ग बंद करून बघायला हवं. शिओइरी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ते केलं. दोन डोळ्यांना एकमेकांशी संबंध नसलेले ठिपके दाखवले, फक्त वेग विरुद्ध ठेवले. लोकांना दिशा सांगता आली. 2010 मध्ये झुबा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वेग जास्त असेल किंवा वस्तू नजरेच्या कडेला असेल तेव्हा वेगाच्या फरकाचं पारडं जड होतं. आणि त्याच वर्षी नेफ्स, ओ'हेअर व हॅरिस यांना दिसलं की काही माणसं एका संकेतात पटाईत असतात, काही दुसऱ्यात. दोनतीन निरीक्षकांवर, बहुतेक वेळा लेखकांवरच, प्रयोग करायची या क्षेत्राची सवय इथे चांगलीच नडते.

पण नव्या लोकांनाही सूट देऊ नका. रोकर्स आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या पेपरात डिस्पॅरिटी कमकुवत करायला एका डोळ्यात काळे तिथे दुसऱ्यात पांढरे ठिपके वापरले. खोलीचा भास त्याने खरंच मावळतो. मात्र अशा ठिपक्यांना मेंदूच्या पहिल्या दृष्टिक्षेत्रातल्या पेशी प्रतिसाद देतच राहतात, फक्त उलटा. हे 1997 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं कोणी? कमिंग आणि पार्कर यांनीच. माणसाला न दिसणारा संकेत पेशीला मिळत असेल, तर मार्ग 'बंद केला' म्हणणं धाडसाचं आहे.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. किताओजी आणि तोयामा यांनी 1987 मध्येच नोंदवलं होतं की तिरळेपणा असलेल्या काहींना स्थिर खोली कळत नाही, पण जवळ-लांबची हालचाल कळते. दवाखान्यातली नेहमीची स्टिरिओ चाचणी मात्र स्थिर चित्राच्या कार्डावर होते. त्यात नापास झालेल्या पोराच्या कागदावर 'दोन डोळ्यांची खोली नाही' असं लिहिलं जातं. चेंडू झेलण्याबद्दल त्या कार्डाने काही विचारलेलंच नसतं.

पेट देऊन विषय शोधत असाल तर हलत्या ठिपक्यांची स्वस्त चाचणी हा करण्याजोगा प्रश्न आहे. लॅपटॉप आणि लाल-निळा चष्मा एवढ्यावर सुरुवात होते. फक्त आधी हे मोजा, की चष्म्यातून एका डोळ्याचे ठिपके दुसऱ्या डोळ्यात किती झिरपतात. थोडे जरी झिरपले, तरी त्या डोळ्यातले वेग भेसळीचे होतात, आणि तुम्ही नेमकं काय मोजताय हे तुम्हालाच सांगता येणार नाही.