‘आपण’, ‘ते’ आणि असोसिएशन : वऱ्हाडातील क्रिकेटरसिकांच्या गाऱ्हाण्याची भाषा

विदर्भाच्या क्रिकेट संघाने रणजी करंडक स्पर्धेत प्रथम पाऊल ठेवले ते १९५७-५८ च्या हंगामात. त्या स्पर्धेची अंतिम फेरी आणि तिच्याबरोबरच विजेतेपदही त्याच्या वाट्यास आले ते २०१७-१८ मध्ये. मधल्या साठ वर्षांत हा संघ प्रथम मध्य विभागात आणि पुढे स्पर्धेची श्रेणीवार रचना झाल्यावर बहुतेक काळ खालच्या श्रेणीत खेळत राहिला. इतक्या दीर्घ अपयशाच्या काळात अमरावती व अकोला येथील क्रिकेटरसिक संघाविषयी आणि त्याहूनही अधिक संघ चालविणाऱ्या मंडळींविषयी जे बोलत आले, ते बोलणे म्हणजे हरणाऱ्यांची रिकामी कुरकुर, असा एक सार्वत्रिक समज आहे. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. कुरकुरीला घाट नसतो. या बोलण्याला आहे. त्याची काही ठराविक वाक्ये आहेत, ठराविक सर्वनामे आहेत, आणि ज्यांच्याविरुद्ध ते बोलले जाते त्यांच्या भाषेशी त्याचे एक विलक्षण नातेही आहे. तेव्हा त्याच्याकडे एक भाषिक संहिता म्हणून पाहावयास हरकत नाही. आणि संहिता म्हटली की तिचे गुणदोष सांगणे ओघानेच आले.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत, ही गोष्ट व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ऐकणाऱ्याला आपल्यात घेणारे ते ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारे ते ‘आम्ही’. वऱ्हाडी बोलीत हीच जोडी ‘आपुन’ आणि ‘आमी’ अशी उच्चारली जाते. क्रिकेटरसिकाच्या बोलण्यात या दोहोंची वाटणी मोठ्या काटेकोरपणे होते. सामना जिंकला की ‘आपुन जिकलो’. सामना हरला की ‘पोरं हरले’, म्हणजे सर्वनाम गळून नाम येते आणि बोलणारा त्या पराभवापासून एक पाऊल दूर सरकतो. संघाची निवड जाहीर झाली की प्रश्न येतो तो असा : ‘आमच्या पोराइले काहून घेत नाई?’ येथे ‘आपल्या’ हा शब्द चालत नाही, कारण ज्याला उद्देशून प्रश्न केला आहे तो त्या ‘आपण’मध्ये बसत नाही. जय, पराजय आणि निवड या तीन प्रसंगी संघाशी असलेले नाते तीन प्रकारे बदलते, आणि हा बदल कोणी शिकविलेला नसतो. जगभर हरणाऱ्या संघांचे चाहते असेच सरकत असतील. परंतु इंग्रजी चाहत्याला हे सारे एकाच सर्वनामात उरकावे लागते. मराठीने वऱ्हाडातल्या रसिकाला अधिक धारदार हत्यार दिले आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

आता दुसऱ्या बाजूची भाषा पाहू. संघटनेचे निर्णय लोकांपर्यंत पोहोचतात ते बहुधा वर्तमानपत्रांतून, आणि तेथे त्यांचे रूप ठरलेले असते : संघ जाहीर करण्यात आला, अमुक खेळाडूस वगळण्यात आले, प्रशिक्षक नेमण्यात आले. ‘-ण्यात येणे’ ही कार्यालयीन मराठीची लाडकी रचना. तिच्यात क्रिया असते, कर्म असते, केवळ कर्ता नसतो. कोणी वगळले, कोणत्या विचाराने वगळले, हे विचारण्यास ती जागाच ठेवीत नाही. याच कार्यालयीन मराठीत ‘आपणांस कळविण्यात येते की’ असेही लिहितात. तेथील ‘आपण’ हा आदरार्थी द्वितीय पुरुष होय. रसिकाच्या तोंडी जो शब्द जवळीक दाखवितो, तोच कचेरीच्या कागदावर अंतर दाखवितो. एका सर्वनामाची ही दोन टोके एवढ्या लहानशा व्यवहारात समोरासमोर यावीत हे मौजेचे आहे.

रसिकाने या कर्तृहीन रचनेला दिलेले उत्तर म्हणजे ‘त्याइनं घेतलं नाई’ हे वाक्य. वरवर पाहता हे वाक्य कार्यालयीन वाक्याचा मुखवटा काढते, कारण त्यात कर्ता परत येतो. परंतु तो कोणत्या रूपात येतो? पूर्वपद नसलेल्या सर्वनामाच्या रूपात. ‘ते’ म्हणजे कोण? निवड समिती, कार्यकारिणी, सचिव, की जामठ्याच्या मैदानावरचे सगळेच? बोलणारा ते सांगत नाही, आणि ऐकणारा विचारीत नाही, कारण दोघांनाही ते कळले आहे असे दोघेही धरून चालतात. कधी ‘नागपूरवाले’, कधी ‘वरचे’, कधी नुसती ‘व्हीसीए’ ही अक्षरे. पण या शब्दांनी माणूस सापडत नाही. कचेरीने कर्ता खोडला आणि रसिकाने त्या जागी धुके ठेवले. परिणामाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये सारखीच निघतात. या गाऱ्हाण्याचा खरा दोष हा आहे, आणि साठ वर्षांत ते पुढे का सरकले नाही याचे निदान काही अंशी तरी उत्तर येथे सापडते.

गाऱ्हाणे या शब्दाचाच विचार केला तर त्यात तिघे लागतात : सांगणारा, ज्याच्याविषयी सांगावयाचे तो, आणि ज्याला सांगावयाचे तो. अकोल्याच्या मैदानाच्या कडेला किंवा बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना जे बोलणे होते, त्यात तिसरा कोण असतो? दुसरा सांगणाराच. जो निर्णय घेऊ शकतो त्याच्या कानापर्यंत ते जात नाही, आणि जावे अशी त्याची रचनाही नसते. तरीही ते पिढ्यानुपिढ्या टिकले याचे कारण असे की त्याचे काम निराळेच होते. ‘आमी’ म्हणणाऱ्यांचा एक गट ते जुळवीत होते.

हा गट क्रिकेटपेक्षा जुना आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ च्या कराराने तो कायमच्या भाडेपट्ट्यावर गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. तेव्हापासून कचेरी नागपुरास आणि अर्जदार वऱ्हाडात ही मांडणी सुरू झाली. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र, तेव्हा अर्ज मुंबईला जाऊ लागले; परंतु क्रिकेटचे अर्ज नागपुरासच राहिले. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत उतरला तो राज्य-पुनर्रचनेनंतर अवघ्या एका वर्षाने, हे लक्षात घेतले पाहिजे. भाषेच्या अंगाने पाहता नागपूर आणि वऱ्हाड यांत दुरावा दाखविणे कठीण आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यातही वऱ्हाडी आणि नागपुरी या बोलींचे सान्निध्य स्पष्ट दिसते. ‘मले’ आणि ‘तुले’ दोहोंकडे सारखेच. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. हे अंतर बोलीने पाडलेले नाही, कचेरीने पाडले आहे. म्हणून क्रिकेटच्या गाऱ्हाण्यातले ‘नागपूरवाले’ हे स्थलवाचक नाम नसून अधिकारवाचक आहे. व्यायाम आणि देशी खेळांच्या क्षेत्रात अमरावतीला असे बोलावे लागले नाही, कारण १९१४ मध्ये स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीचेच होते. त्याच्या कारभाराविषयी तक्रार असलीच तर ती गावातल्या गावात, नाव घेऊन करता येत होती.

गाऱ्हाण्याची दुसरी मोठी उणीव ‘बाहेरचे’ या शब्दापाशी दिसते. संघ हरत असता बाहेरच्या राज्यांतून व्यावसायिक खेळाडू आणले जात, आणि मग ‘बाहेरच्याइले घेतात, घरच्याइले नाई’ हे वाक्य तयार असे. त्यात रास्त भाग होता. अकरांपैकी एक जागा गेली म्हणजे एका स्थानिक मुलाचा हंगाम गेला. परंतु हे वाक्य कधी तपासले गेले नाही. साठच्या दशकात राजस्थानचा संघ वारंवार अंतिम फेरीत पोहोचला, आणि विनू मंकड, विजय मांजरेकर यांसारखे खेळाडू त्याच्याकडून खेळले. हा काही नवा प्रघात नव्हे. विदर्भाच्या बाबतीत तर निकाल समोर आहे. वसीम जाफर मुंबईहून आला, गणेश सतीश कर्नाटकातून, प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. आणि २९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीविरुद्ध सुरू झालेला अंतिम सामना फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने नऊ गडी राखून जिंकला. रजनीश गुरबानीने त्यात सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, अक्षय वाडकरने शतक काढले. आणि याच सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. ज्या वाक्याने ‘बाहेरचे’ आणि ‘घरचे’ यांना एकमेकांच्या विरोधात उभे केले होते, त्याला हा संघ बसत नव्हता. विरोध जागांचा होता खरा, पण घरच्या मुलाला अंतिम सामन्यात उभे राहण्याची संधी ज्या संघाने दिली तो बाहेरच्यांच्या हातभाराने तेथवर आला होता. पुढल्या हंगामात विदर्भाने नागपुरास सौराष्ट्राला हरवून विजेतेपद राखले; २०२३-२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हार झाली; २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसरे विजेतेपद आले, आणि त्यात कर्नाटकच्या करुण नायरचा वाटा मोठा होता.

येथे एका दूरच्या उदाहरणाशी तुलना उपयोगी पडते. अमेरिकेतील ओकलंड शहराच्या बेसबॉल संघाच्या चाहत्यांनी १३ जून २०२३ रोजी उलटा बहिष्कार पुकारला. एरवी रिकामे राहणारे मैदान मुद्दाम भरावयाचे आणि मालकाला एकच शब्द ऐकवावयाचा : ‘विका’. सत्तावीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले. हे गाऱ्हाणे व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. आज्ञार्थी क्रियापद, स्पष्ट संबोधन, एक नाव : जॉन फिशर. फळ मात्र मिळाले नाही. २०२४ च्या हंगामानंतर संघ ओकलंड सोडून गेला. तेव्हा वाक्य नेमके असले की न्याय मिळतो असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. पण वऱ्हाडातला रसिक ‘विका’ हे म्हणूच शकत नाही, ही गोष्ट अधिक मूलभूत आहे. विदर्भाचा संघ कोणाच्याच मालकीचा नाही. तो चालविणारी संस्था नोंदणीकृत आहे, तिला सभासद आहेत, सभासदांना मत आहे. प्रेक्षकाला मत नाही. ज्याला मालक नाही त्याच्याविषयीचे गाऱ्हाणे ‘ते’ या सर्वनामात अडकणार हे एका अर्थी स्वाभाविकच. मात्र सभासदांची यादी, निवडणूक, घटना यांना नावे आहेत, आणि तेथवर हे बोलणे गेले असते तर ‘ते’ला पूर्वपद मिळाले असते.

एकदा अशी वेळ आली होती. लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१६ रोजी स्वीकारल्या तेव्हा ‘एक राज्य, एक मत’ या तत्त्वाने महाराष्ट्रातील मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन संघटनांपैकी पाळीपाळीने एकीलाच मत उरणार होते. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने तिघींचे पूर्ण सदस्यत्व परत दिले. या दोन वर्षांत प्रश्न होता तो विदर्भाच्या क्रिकेटचा आवाज देशाच्या मंडळात उरणार की नाही, हा. ज्या संघटनेला रसिक ‘ते’ म्हणत होता तिचे मत गेले असते तर गमावणारा ‘आपण’ कोण ठरला असता? सभासदाला या प्रश्नाचे उत्तर कायद्याने मिळत होते. अकोल्याच्या प्रेक्षकाला ते केवळ सर्वनामाने द्यावे लागले असते, आणि त्याने साठ वर्षे घडविलेल्या वाक्यांत त्यासाठी जागा नव्हती. हरण्याविषयी आणि निवडीविषयी त्याच्यापाशी भाषा होती, सदस्यत्वाविषयी नव्हती.

विजेतेपदांनंतर गाऱ्हाणे संपले नाही, त्याची जागा बदलली. अमरावतीचा जितेश शर्मा २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताकडून खेळला, २०२५ मध्ये बंगळूरच्या फ्रँचायझी संघाबरोबर आयपीएल जिंकला, आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला. एखाद्या खेळाडूने संघ बदलणे ही त्याची स्वतःची बाब होय, आणि तिची कारणे शोधण्याचे येथे प्रयोजन नाही. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष जाते ते दुसरीकडे. २७ मे २०२५ रोजी त्याने बंगळूरसाठी लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. अशा खेळीविषयी अमरावतीत बोलावयाचे तर ‘आपला जितेश’ हेच शब्द ओठावर येणार. तोच जितेश बडोद्याच्या वेषात विदर्भाविरुद्ध उभा राहिला आणि त्याने चौकार मारला, तर ‘आपुन’ या सर्वनामाखाली त्या क्षणी कोण येते : संघ, गाव, की तो एकटा खेळाडू?