गुण आणि द्वार

कै. कमलाबाई सोहोनी यांच्या चरित्रकथनांत एक दोष आम्हांस वारंवार आढळतो. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या आलेल्या कमलाबाईंस १९३३ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनीं आग्रह धरिला, तेव्हां वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या व पुरुष विद्यार्थ्यांचें लक्ष विचलित न करण्याच्या अटीवर तो मिळाला. पुढें त्यांचें काम पाहून रामन यांचें मत पालटलें; १९३९ सालीं केंब्रिजनें त्यांस डॉक्टरेट दिली. येथवर हकीकत खरी. परंतु ‘गुणांस अखेर न्याय मिळतो’ हें जें तात्पर्य तींतून काढण्यांत येतें, तें आम्हांस मान्य नाहीं. पुरुषांस जो प्रवेश पदवीच्या बळावर मिळे, त्यासाठीं कमलाबाईंस असामान्य धैर्य दाखवावें लागलें. साधारण धैर्याच्या ज्या मुली पहिल्या नकारासरशीं परतल्या असतील, त्यांचें चरित्र कोण लिहिणार? संशोधनाचें द्वार नियमानें उघडें असावें. एका संचालकाच्या मतपरिवर्तनावर तें अवलंबून नसावें. पुढील चरित्रकारांनीं कमलाबाईंच्या गौरवाबरोबर संस्थेचा हा दोषही स्पष्टपणें नोंदवावा.