‘ग्रे गार्डन्स’ : वैभव ओसरल्यावरचा पेहराव

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर ईस्ट हॅम्प्टन नावाचे धनिकांचे ग्रीष्मनिवासाचे गाव आहे. तेथील २८ खोल्यांच्या एका मोडकळीस आलेल्या घरात राहणाऱ्या मायलेकींवर आल्बर्ट व डेव्हिड मेझल्स या बंधूंनी, एलन होव्डे व मफी मायर यांच्यासह, १९७५ साली ‘ग्रे गार्डन्स’ हा अनुबोधपट काढला. आईचे नाव एडिथ बील; मुलीचेही तेच. अध्यक्ष केनेडींच्या पत्नी जॅकलिन या आईच्या भावाची कन्या. १९७१ साली आरोग्याधिकाऱ्यांनी या घरावर धाड घातली, वृत्तपत्रांनी गहजब केला, आणि १९७२ साली जॅकलिन व त्यांच्या भगिनीने पैसे खर्चून घर राहण्याजोगे केले. चित्रपट सुरू होतो तो त्यानंतर.

हा चित्रपट पाहणारा बहुतेक प्रेक्षक ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ असे म्हणून मोकळा होईल. आमचा त्याला आक्षेप आहे. धाकट्या एडिथच्या अंगी जो पीळ दिसतो, तो जुन्या श्रीमंतीचा नव्हेच. सुंभ जळल्यावर तिने तो स्वतः वळला आहे.

तिचा पेहरावच पाहा. पन्नाशी ओलांडलेली ही बाई डोक्यावर स्वेटर गुंडाळते व त्यावर झळझळीत ब्रोच टोचते. स्कर्ट उलटा करून सेफ्टी पिनांनी कमरेला आवळते. आरंभीच्याच एका दृश्यात ती छायालेखकाला त्या दिवसाच्या वेषाची उपपत्ती सांगते : मोजे कशावर चढवावेत, वरचा स्कर्ट केव्हा उतरवावा, आणि उतरवल्यावर तोच खांद्यावर कसा घ्यावा. हे भाषण ऐकताना प्रथम हसू येते. मग ध्यानात येते, की प्रत्येक विधानामागे कारण दिलेले आहे; बोलण्यात कोठे तोल गेलेला नाही. तरुणपणीच तिचे केस गळाले होते. आपल्याकडे डोईवरचा पदर मर्यादेचे चिन्ह; येथे डोईवरचे वस्त्र आधी उणीव झाकते आणि मग तिचाच मुकुट करते. नवे वस्त्र घेण्याची ऐपत नाही, म्हणून जुन्याचाच अर्थ ती रोज बदलते.

हे दारिद्र्य आले कोठून? आईचे वडील वकील, पतीही वकील. आमच्याच व्यवसायातील मंडळी! १९३१ साली पती वेगळा झाला आणि १९४६ साली मेक्सिकोतून तारेने घटस्फोटाची वार्ता धाडली. आईला गाण्याचे वेड होते, आणि कुलीन घराण्यातील बाईने गाणे हौसेपुरतेच ठेवावे ही तिच्या वडिलांची धारणा. घर तिच्याकडे राहिले. ते राखण्याइतका पैसा राहिला नाही. १९५२ साली धाकटी न्यूयॉर्क सोडून आईकडे आली आणि तेथेच राहिली.

चित्रपटाचा खरा जीव या येण्याच्या वादात आहे. आईने मला अडकवले, माझे नृत्य बुडवले, मागणी घालणाऱ्याला पिटाळले, ही मुलीची फिर्याद. तू आपल्या पायांनी आलीस, तुला जायचे कोठे होते, हा आईचा जबाब. दोघीही वादी, दोघीही साक्षीदार, आणि पुरावा म्हणून भिंतीवरच्या तसबिरी. निवेदक नाही, निकाल कोणी देत नाही. संकलनाचे हे श्रेय होव्डे, मायर व सुझन फ्रोम्की यांना दिले पाहिजे. अंथरुणालगत मक्याची कणसे उकडणारी, आपल्याच सुरांत रमणारी म्हातारी खलनायिका होत नाही, हे लहानसहान यश नव्हे.

दोघी विक्षिप्त, असहाय. त्यांना कॅमेऱ्यासमोर आणणे म्हणजे जत्रेतला तमाशा मांडणे होय, असा आरोप तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्येही झाला. कायद्यात संमती म्हणजे नुसता होकार नव्हे. कशाला होकार दिला याची जाण त्यात हवी. ती जाण धाकटीला होती असे आम्हांस वाटते. ती कॅमेऱ्याकडे वळून बोलते, त्याला आपल्या बाजूने ओढते, हाती छोटे निशाण घेऊन त्याच्यासाठी कवायतीसारखे नाचते. आईविषयी आम्ही इतक्या खात्रीने बोलणार नाही. तिच्या तसबिरीमागे मांजर घाण करते ते दृश्य, आणि तिच्या उघड्या, थकलेल्या देहाजवळ रेंगाळणारा कॅमेरा, या दोन ठिकाणी दिग्दर्शकांचा संयम सुटला आहे. मात्र पूर्ण झालेला चित्रपट पाहून दोघींनीही त्याला पसंती दिली होती, हे आक्षेपकांनी विसरू नये.

पुढे फॅशनच्या बाजाराने या पेहरावाला डोक्यावर घेतले. जॉन गॅलियानोने २००८ च्या वसंतसंग्रहासाठी या मायलेकींकडूनच प्रेरणा घेतली. २००६ साली ब्रॉडवेवर संगीतिका आली, २००९ साली दूरदर्शनपट. शिंप्याने नवेकोरे शिवून दिलेला उलटा स्कर्ट दिसायला तसाच असतो. पण त्यातली पिन निघाली तर काय, ही धास्ती त्यात नसते. चित्रपटात ती आहे.

थोरली एडिथ १९७७ साली वारली. पुढल्याच वर्षी, साठीला पोचलेली धाकटी न्यूयॉर्कच्या एका कॅबरेत गायली. १९७९ साली तिने घर दोन लाख वीस हजार डॉलरांना विकले. घेणारे बेन ब्रॅडली व सॅली क्विन हे पत्रकार दांपत्य. घर पाडायचे नाही, ही तिची अट होती. ती त्यांनी पाळली.