मोस्तारचे पार्टिझन स्मारक : एक पुनर्विचार

साम्यवादी स्मारके त्या राजवटींबरोबरच कोसळली, हे विधान सर्रास केले जाते. बोस्नियातील मोस्तार येथील पार्टिझन स्मारक-दफनभूमीबाबत ते अपुरे ठरते. बोगदान बोगदानोविच यांच्या १९६५ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तुरचनेत ना नेत्याचा पुतळा, ना विजयी सैनिकाचा. फॅसिझमविरोधी लढ्यात पडलेल्या सर्ब, क्रोएट व मुस्लिम सैनिकांची नावे कोरलेल्या शिळा तेथे शेजारी शेजारी होत्या. घाव बसला तो या शेजारावर. १९९२-९५ च्या युद्धात स्मारकाची हानी झालीच. परंतु जवळजवळ सर्व नामशिळा फुटल्या त्या जून २०२२ मध्ये, म्हणजे शांततेच्या काळात. १९९३ मध्ये पाडलेला तेथील जुना पूल मात्र २००४ मध्येच पुन्हा उभा राहिला होता. (पुलाला पर्यटक असतात.)