नाव आहे, पण नोंद पुरी नाही

प्रयोगवहीत नुसते शीर्षक असेल आणि तारीख, उपकरण, निरीक्षणे नसतील तर आपण ती वही तपासून परत देतो. संगणकाने ठेवलेल्या नोंदीला मात्र ही कसोटी क्वचितच लावली जाते.

आज्ञावली चालताना काय घडले याची नोंद ज्या फाईलमध्ये होते, तिला लॉग म्हणतात. ही फाईल आज्ञावलीच्याच नावाने आपोआप साठवण्याची पद्धत रुळलेली आहे. सास, स्टाटा किंवा आर यांत आज्ञावली बॅच पद्धतीने चालवली की तिच्याच नावाची नोंद तयार होते. नोंद ठेवणे माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही, हा तिचा मोठा गुण. पण आज्ञावली पुन्हा चालवली की नवी नोंद त्याच नावाने जुनीवर लिहिली जाते. हा दोष गुणाइतकाच मोठा आहे.

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुक्याचे उदाहरण घेऊ. या भातपट्ट्यात पावसाचे दिवस किती, हा शालेय प्रकल्पाला साजेसा प्रश्न आहे. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला तर तो पावसाचा दिवस. समजा, ‘पाऊस’ नावाच्या आज्ञावलीत विद्यार्थ्याने ही मर्यादा १ मिलिमीटर केली. आता उत्तर बदलू शकते. नोंदीचे नाव मात्र ‘पाऊस’च राहते आणि आधीची नोंद नाहीशी होते. वहीत उतरवलेले पहिले उत्तर कोणत्या मर्यादेचे होते, हे मग कसे ठरवणार?

दुसरी अडचण आकडेवारीची. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीची आकडेवारी जिल्ह्याच्या नावाने शोधायची तर भंडाऱ्यात पाहावे लागते. आज्ञावलीने नेमकी कोणती फाईल वाचली, हे तिच्या नावावरून कळत नाही.

पायथन भाषेत नोंदीची सोय २००३ च्या २.३ आवृत्तीपासून आहे. फाईलचे नाव आपण द्यायचे असते. ते चालू आज्ञावलीवरून घेता येते. तेथे नव्या ओळी सहसा जुन्यांखाली जोडल्या जातात, म्हणून काही पुसले जात नाही. पण मूळ मांडणीत वेळ छापली जात नसल्याने एक खेप कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली, ते उमगत नाही.

उपाय सोपा आहे. नोंदीच्या नावात आज्ञावलीच्या नावापुढे वर्ष, महिना, दिवस व वेळ या क्रमाने जोडावेत. पहिल्या ओळींत वाचलेल्या फाईलचे नाव, वापरलेली मर्यादा आणि भाषेची आवृत्ती छापावी. आज्ञावलीत बदल करण्यापूर्वी तिची प्रत ठेवावी. प्रकल्पाला गुण देताना उत्तराबरोबर ही नोंदही मागावी. नोंद वाचून दुसऱ्या विद्यार्थ्याला तेच उत्तर काढता आले, तरच ती पुरी झाली असे म्हणावे.