इयत्ता आणि पातळी : इंग्रजीच्या सरावासंबंधी काही विचार

महाराष्ट्रात इंग्रजीच्या अध्यापनाविषयी आजवर जो वाद झाला, तो मुख्यत्वे एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे : इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावी? मराठी माध्यमाच्या शाळांत ती पूर्वी पाचवीपासून सुरू होत असे. २००० सालापासून ती पहिलीपासून सुरू झाली. या निर्णयाच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली. ती ही की, एका इयत्तेत बसणारी मुले भाषेच्याही एकाच पायरीवर उभी असतात. प्रस्तुत लेखात या गृहीताचाच विचार करावयाचा आहे.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावातील सातवीचा एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. या भागाची घरची बोली वऱ्हाडी. तीत 'शाळा' हा शब्द 'शाया' असा उच्चारला जातो. म्हणजे पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी हीच कित्येकांना घरापासून एक पाऊल दूर असते. याच जिल्ह्यात बंजारा समाजाचे पोहरादेवी हे तीर्थस्थान आहे, व या समाजातील अनेक मुलांच्या घरी गोरमाटी बोलली जाते. त्यांना मराठी हीच दुसरी भाषा होय. अशा वर्गात कोणी इंग्रजी अक्षरे ओळखण्यापाशी थांबलेला असतो, कोणी वाक्य खडाखडा वाचतो पण त्याचा अर्थ सांगू शकत नाही, तर कोणी अर्थ जाणतो पण बोलावयास धजत नाही. या सर्वांपुढे एकाच दिवशी एकच पान उघडले जाते, आणि त्यास आपण 'सराव' म्हणतो.

सरावाची पातळी शब्दांवरून मोजावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी वंगदेशातील विद्यार्थ्यांसाठी वाचनपुस्तके रचताना नवे शब्द विरळ ठेवून ते वारंवार योजण्याचा प्रयत्न केला. १९५३ साली त्यांनी सिद्ध केलेल्या शब्दसूचीत सुमारे २००० नित्योपयोगी शब्द होते. पुढे शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, कोणाच्या साहाय्यावाचून मजकूर समजण्यास त्यातील शंभरांपैकी सुमारे ९८ शब्द परिचित असावे लागतात. हा आकडा अटळ नियम मानू नये. विषयाची ओळख असेल तर वाचक अधिक अपरिचित शब्दही पेलतो. तथापि त्यातील हिशेब उद्बोधक आहे. ९८ शब्द येत असतील तर पन्नास शब्दांत एक नवा भेटतो. ८० येत असतील तर दर पाचवा शब्द अडवतो. अशा वेळी विद्यार्थी वाचनाचा सराव करीत नसून गाईडातील उत्तरे उतरवण्याचा सराव करीत असतो. तो आळशी आहे असे नव्हे. त्याच्यापुढे ठेवलेल्या पानाने त्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

उलटपक्षी, केवळ सोपे तेच देत राहणे हाही सराव नव्हे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत केलेल्या प्रयोगात या दोन टोकांमधील मार्ग शोधला. वर्गातील निदान निम्म्या मुलांना दिलेल्या कार्याचा निदान निम्मा भाग साधला, तर ते कार्य योग्य आव्हानाचे, अशी त्यांची स्थूल कसोटी होती. ती शिक्षकाच्या हाती सहज येणारी आहे, हा तिचा मोठा गुण. परंतु उरलेली निम्मी मुले रोज तीच असतील तर काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. वर्गाची सरासरी बरोबर येते आणि मागचा बाक मात्र वर्षभर तेथेच राहतो.

मुंबईत १९९४ साली सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने नेमके हेच वर्म ओळखून मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे पाडण्याची पद्धत रूढ केली. तिच्या प्रेरणेने होणाऱ्या 'असर' पाहणीतील इंग्रजीच्या चाचणीत मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द व सोपी वाक्ये अशा पायऱ्या असून वाचणाऱ्यास अर्थही स्वतंत्रपणे विचारला जातो. उच्चार आणि आकलन यांची ही फारकत मोलाची आहे. मात्र ही चाचणी सोप्या वाक्यापाशी संपते. त्यापुढील वाट ती दाखवीत नाही, व तो तिचा हेतूही नाही.

ती वाट २००१ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय भाषाचौकटीतून जशीच्या तशी उचलता येईल काय? तिच्या सहा पातळ्या 'शिकणारा काय करू शकतो' या भाषेत सांगितल्या असून ऐकणे, वाचणे, बोलणे व लिहिणे यांचा विचार ती वेगवेगळा करते. हे तत्त्व अवश्य स्वीकारावे. पण तिच्यामागे उभा असलेला विद्यार्थी प्रायः युरोपातील प्रौढ नागरिक आहे. आसेगावच्या मुलाचा आरंभबिंदू निराळा. सोयाबीनवर फवारावयाच्या औषधाच्या बाटलीवरील इंग्रजी त्याच्या घरात येते; 'पंप', 'मोटर', 'तिकीट' हे शब्द त्याच्या बोलीतच आहेत. ही त्याची फुकट मिळालेली पहिली पायरी होय. तीवर निसरडेही आहे : त्याचे 'हॉटेल' म्हणजे चहाफराळाचे दुकान, आणि 'लाईट गेली' म्हणजे वीज गेली. शिवाय 'मला भूक लागली' म्हणणाऱ्यास 'आय ॲम हंग्री' या रचनेत भुकेला कर्त्याचे विशेषण करावे लागते. येथे शब्द सोपे असूनही पायरी उंच आहे, आणि शब्दांच्या कोणत्याही मोजणीत ती दिसत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत वापरल्या गेलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे सामर्थ्य याच जागी होते. थोडे शब्द, एखादा नियम व त्यावर बेतलेली वाक्ये अशा क्रमाने, मराठीचा हात धरून ती पुढे जाई. ती बोलावयास शिकवीत नसे, ही तिची उणीव खरी. परंतु ती झुगारताना क्रमाची दृष्टीही आपण झुगारली.

सारांश, मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजीच्या पातळ्या मराठीपासून व तिच्या बोलींपासून मोजल्या पाहिजेत. हे काम एकट्या इंग्रजी विभागाचे नाही. त्यात बोलींच्या अभ्यासकांचा वाटा मोठा आहे. ते होईतो पायरीच्या उंचीचा दोष मुलाच्या माथी बसत राहील. एकदा 'इंग्रजीत कच्चा' ठरलेला मुलगा पुढे ती भाषाच टाळतो, आणि तिच्यावाचून न उघडणारे अभ्यासक्रमही टाळतो. त्याला कच्चा म्हणण्यापूर्वी त्याच्यापुढे ठेवलेले पान कोणासाठी लिहिले होते, एवढे तरी आपण विचारावयास हवे.