व्याधाचा जोडीदार आणि डोगोंच्या भाषा

रॉबर्ट टेंपल यांचे ‘द सिरियस मिस्टरी’ हे पुस्तक १९७६ साली निघाले. त्यातला दावा आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या डोगों लोकांना व्याध ताऱ्याचा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जोडीदार दुर्बिणीविना ठाऊक होता आणि हे ज्ञान मुळात व्याधाकडून आलेल्या पाहुण्यांचे होते, असा तो दावा.

पुस्तकाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ज्या लेखावर सारा डोलारा उभा आहे, तो ग्रिओल आणि दिएतर्लां यांचा १९५० सालचा लेख टेंपल यांनी परिशिष्टात दिला आहे. तोच वाचला की शंका सुरू होतात. माहिती देणारे मुख्यतः चार जण, आणि संवाद दुभाष्यांच्या मदतीने. हा जोडीदार असावा असे बेसेलने १८४४ मध्ये ताडले होते, १८६२ मध्ये क्लार्कने तो पाहिला. म्हणजे लेखाच्या कितीतरी आधीपासून युरोपात तो माहीत होता. बाहेरून आलेल्या माणसांकडून, किंवा विचारलेल्या प्रश्नांतूनच, ही माहिती तिथे पोहोचणे अशक्य नव्हते.

दुसरा दोष आम्हांला अधिक गंभीर वाटतो. पुस्तकात ‘डोगों’ म्हणजे जणू एकच आवाज. प्रत्यक्षात बांदियागाराचा कडा, वरचे पठार आणि खालचे मैदान यांत सुमारे वीस डोगों भाषा बोलल्या जातात. त्या एका कुळातल्या खऱ्या, पण त्यांतल्या अनेक भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. स्वतःला डोगों म्हणवणाऱ्या काही गावांची बांगीमे भाषा तर या कुळातलीच नाही. मग चौघांचे म्हणणे सर्वांचे कसे मानायचे? वाल्टर व्हान बीक यांनी डोगोंमध्ये राहून पुन्हा चौकशी केली. त्यांच्या १९९१ च्या लेखानुसार हे व्याधपुराण तिथल्या लोकांना ठाऊकच नव्हते.

कड्याच्या आधाराने घरे आणि कणग्या उभारणाऱ्या, कोरड्या पठारावर कांदा पिकवणाऱ्या या लोकांचे स्वतःचे ज्ञान थोडे नाही. त्यांना परग्रहवासीयांचे शिष्य ठरवणे हा गौरव नव्हे.

हिवाळ्यात वर्गाला व्याध जरूर दाखवावा. ही गोष्टही सांगावी. मात्र लगेच विचारावे: हे कोणी, कोणाला, कोणत्या भाषेत विचारले होते?